घड्याळ्याचे सम अंक

नाही, नाही, पेन खाली ठेवा आधी. एवढं भराभर खोडायला ही काय किराण्याची यादी आहे? बसतो मी जरा. या स्टुलावर बसलो तर चालेल ना? तुमचे सासरे बसू द्यायचे. शनिवारी हे स्टूल माझंच असतं, एक पाय आखूड आहे त्याचा, तीस वर्षं आखूडच आहे, मी आपली पुठ्ठ्याची घडी सरकवतो खाली — हं, झालं. आता वाचा. सात कॉमिक-मालिका आहेत माझ्या नावावर तुमच्या दुकानात, आणि त्यातल्या ठेवायच्यात तीन. कोण म्हणतं? आमची ही म्हणते. मी निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चष्मा लावला, कागद घेतला, आणि पेन्शनीत काय बसतं नि काय बसत नाही ते मला वाचून दाखवलं. तिचं ब्लडप्रेशर बसतं, माझे दात बसतात, छताची गळती कशीबशी बसते, आणि कॉमिक्स तीन. मी म्हटलं, पाच. ती म्हणाली, दोन. मी म्हटलं, बरं बाई, तीन. यालाच वाटाघाटी म्हणतात, सूनबाई. सूनबाई म्हटलेलं चालतं ना? अख्खी गल्ली म्हणते म्हणून म्हणतो. तीन महिने झाले तुम्ही गल्ल्यावर बसताय, सगळं त्या संगणकात चढवलंत, छान केलंत, सासऱ्यांची ती जाडी पुठ्ठ्याची कार्डं आता उंदरांना घाला.

पहिली कुठली? ‘नऊ चंद्रांचं युद्ध’. खोडा. बिनदिक्कत खोडा. अहो, हे प्रकाशक म्हणजे काय चीज आहेत माहितीय का? बाराव्या पानावर सेनापती ओरडतो — ‘तुला तर मी बर्फाच्या तुरुंगात गाडलं होतं!’ आणि खाली बारीक अक्षरात टीप, बघा अमुक मालिकेचा अमुक अंक. म्हणजे हा अंक कळायला तो घ्या, तो कळायला तिसरा घ्या. मी घेतले! घेतले ना, चांगले पाच घेतले, आणि शेवटी कळलं काय? तर तुरुंगात गाडलेला तो याचा जुळा भाऊ होता. खोडा. पुढची? ‘रात्रीचा लोहार’, हीसुद्धा खोडा. हिचं तर मुखपृष्ठ दर महिन्याला चार तऱ्हेचं, आणि आतली पानं तीच. मी चाळीस वर्षं वजनमाप खात्यात काढली, सूनबाई. निरीक्षक. लोकांचे तराजू तपासत गावभर हिंडलो. डब्यात माल एक आणि लेबलं चार, असं कुणी केलं असतं ना, तर मी तिथल्या तिथे दंडाची पावती फाडली असती. आणि इथे मी स्वतः चारही मुखपृष्ठं विकत घेऊन, वर प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली. मापात पाप करणारा एक असतो आणि हसत हसत पाप विकत घेणारा दुसरा. मला दोघांची जात ओळखू येते.

कुत्र्याचं? ‘हवालदार मोती’? ते ठेवा. ते नातवासाठी घेतो मी. काय? — हो, नातू आता बावीस वर्षांचा आहे, तुमच्या संगणकात तेही चढवलंय वाटतं. बरं, खरं सांगतो. ही वाचते. मला दाखवत नाही, आंघोळीला जाताना टॉवेलात गुंडाळून नेते, आणि मग नळ चालू असताना आतून खिखी ऐकू येते. पानं ओली होऊन फुगतात. पण मी विचारलं की म्हणते, असलं पोरकट मी कशाला वाचू? म्हणून सांगतो, ते ठेवा, घराची शांतता त्या कुत्र्यावर उभी आहे. आणि ते उदास माणसाचं, तेही ठेवा. नाव विसरलो मी, करड्या रंगाचं ते, चित्रकार स्वतःलाच काढतो नि दर महिन्याला स्वयंपाकघरात बसून रडतो. मागच्या अंकात चार पानं बटाटा सोलतो. चार पानं! एक शब्द नाही. सालं खाली पडतात, बस. मी पैसे देऊन बटाटा सोलताना बघितलं, घरात तोच बटाटा मला रोज फुकट सोलावा लागतो. ठेवा पण. का ते विचारू नका. त्याची आई गेलीय, आणि तो काहीच बोलत नाही त्यावर, नुसता सोलतो.

दोन झाली. मग ती गुलाबी केसांची जादूगारीण, तिला रजा. मी तिच्यावर नाराज नाही, तीच माझ्या वयाला कंटाळली असेल. राहिली दोन. एक ‘पाताळ पोलीस’. हे उत्तम आहे. खरंच सांगतो, टिंगल नाही. चित्रं बघा, शाईचा हात बघा, दर अंकात गोष्ट सुरू होते आणि त्याच अंकात संपते, वजनाला पूर्ण, काटा मध्यावर. असा प्रामाणिक माल मी बाजारात कमी पाहिला. आणि दुसरी — दुसरी ती तुमच्या बोटाखाली आहे. बोट काढा. नाही, त्या ओळीला इतक्यात हात लावू नका.

‘घड्याळ्या’. हसा, हसून घ्या. एक घड्याळ दुरुस्त करणारा माणूस, त्याला वेळ थांबवता येतो, पण फक्त अकरा सेकंद. अकरा! त्यात तो करणार काय? धावत जातो, पोराला गाडीखालून ओढतो, आणि परत येईतो याचा चहा गार. तीनशेच्या वर अंक झाले, या माणसानं गरम चहा प्यायलेला नाही. खलनायक तोच, एक भिंगवाला, दर सहा महिन्यांनी मरतो. चित्रं दर वर्षी बदलतात, कधी घड्याळ्याला मान असते, कधी नसते. सगळ्यात टुकार मालिका आहे ही, मी काय आंधळा आहे? आणि तुमचा तो प्रश्न दिसतोय मला चेहऱ्यावर. विचारून टाका. की यादीत हिच्यापुढे ‘सम’ का लिहिलंय. माणूस एकाआड एक अंक का घेतो. दोन, चार, सहा, आठ. एक सोडून एक पायरी चढल्यासारखी गोष्ट वाचायची. सेहेचाळिसात भिंगवाला गच्चीवर उभा, अठ्ठेचाळिसात त्याचं लग्न. मधे काय झालं? मला नाही माहीत. माझ्या अंकांत कुणी मरतच नाही, सगळे मधल्या अंकात मरतात, मी आपला उघडतो तेव्हा रडारड चालू असते.

मधले अंक माझ्या भावाकडे आहेत. धाकट्या. तोही इथंच येतो, बुधवारी. म्हणून मी शनिवारी येतो. नाही, भांडण वगैरे काही नाही, नऊ वर्षं आम्ही बोलत नाही एवढंच.

ऐका. लहानपणी वडील दोन-तीन महिन्यांनी एक अंक आणायचे, तेव्हा तो तसाच निघायचा. पोरं दोन, अंक एक. आम्ही असे तुटून पडायचो की मुखपृष्ठ एकाच्या हातात नि पानं दुसऱ्याच्या. मग आईनं कायदा केला. विषम अंक मोठ्याचे, सम धाकट्याचे. एक, तीन, पाच माझे. दोन, चार, सहा त्याचे. ज्याचा अंक त्यानं आधी वाचायचा, आपल्या पेटीत ठेवायचा, आणि दुसऱ्यानं मागितला की मुकाट द्यायचा. बाई हुशार होती. त्याला पुढचं वाचायचं असलं की माझ्या दारात यावं लागे, मला वाचायचं असलं की त्याच्या. पुढे नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, घरं वेगळी झाली, तरी कायदा तोच. शनिवारी दोघं मिळून इथे यायचो, एकच अंक घ्यायचो, ज्याची पाळी तो पैसे द्यायचा. दुसरी प्रत घ्यायची कल्पनासुद्धा मनात आली नाही. बायका म्हणायच्या, दोन घोडे मोठे झाले तरी खेळणं एकच.

असं करत दोनशे अकरापर्यंत आलो. दोनशे अकरा विषम, माझा. पुढचा दोनशे बारा, म्हणजे त्याचा. आणि त्या महिन्यात प्रकाशकाला काय अवदसा आठवली? म्हणे नवं पर्व! आता दर महिन्याला अंक! नवा वाचक! जुने आकडे पुसून टाकले आणि मुखपृष्ठावर छापलं — अंक एक. आता सांगा, तो कुणाचा? मोजत आलात तर दोनशे बारा, सम, धाकट्याचा. वाचलंत तर एक, विषम, थोरल्याचा. मी म्हटलं, माझा. छापलेल्या आकड्यावर चालायचं, हा माझा धंदाच आहे. वजनावर एक किलो कोरलेलं असलं की ते एक किलो. तो म्हणाला — म्हणाला काहीतरी. या इथं, याच गल्ल्यापाशी. आणि गेला. हट्टी आहे पहिल्यापासून. लहानपणी एका गोटीसाठी दोन दिवस जेवला नव्हता. एका कॉमिकच्या आकड्यावरून सख्ख्या भावाशी बोलणं टाकणारा माणूस, सांगा, याला काय म्हणायचं?

काय बघताय? — नाही, तेवढ्यावरून नाही. कोण तेवढ्यावरून टाकेल.

आईचं झालं होतं. म्हणजे वडील गेल्यावर आई कुणाकडे राहणार हा प्रश्न आला, तेव्हा तीच हसून म्हणाली, करा की तुमच्या घड्याळ्यासारखं. विषम महिने मोठ्याकडे, सम धाकट्याकडे. जानेवारी माझा, फेब्रुवारी त्याचा. पिशवी ठरलेली, औषधांचा डबा ठरलेला, एक तारखेला सकाळी मी नाहीतर तो रिक्षा घेऊन दारात. सहा वर्षं बिनतक्रार चाललं. पण मी पडलो मोजमापाचा माणूस. एकदा बसून दिवस मोजले. विषम महिन्यांचे दिवस एकशे चौऱ्याऐंशी, सम महिन्यांचे एकशे एक्याऐंशी. तीन दिवस, सूनबाई. दर वर्षी आई माझ्याकडे तीन दिवस जास्त. मी ते सगळ्यांना सांगत सुटलो. गंमत म्हणून हं. जेवताना, लग्नात, चारचौघांत — आमचा धाकटा तीन दिवस कमी तोलतो! सगळे हसायचे. आई पण हसायची. म्हणजे तोंड हसल्यासारखं करायची.

मग तो जुलै. विषम. एकतीस दिवसांचा. आमच्याकडे रंगकाम काढलेलं, भिंती खरवडलेल्या, सामान मधोमध, आणि आईला खोकला. मी म्हटलं, आपले तीन दिवस बाकी आहेतच, या खेपेला वळते करू. अठ्ठावीस तारखेला संध्याकाळी पिशवी भरली. ती म्हणाली, आज एकतीस का रे? मी चप्पल पुढे ठेवत होतो तिची. म्हटलं, हो.

हो म्हटलं. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या तराजूखालची लोहचुंबकं शोधून काढली, आणि स्वतःच्या आईला तीन दिवसांचं कमी माप घातलं. तिनं बोटांवर मोजलं, बघितलं मी रिक्षात, एक एक बोट दाबत होती. तीस तारखेला सकाळी गेली. माझ्या महिन्यात. त्याच्या घरी. तो उशाशी बसला होता, पाणी त्यानं पाजलं. मी इकडे घरी रंगाचे डबे मोजत होतो, एक कमी आला म्हणून दुकानदाराशी फोनवर हुज्जत घालत होतो.

दोन आठवड्यांनी तो अंक एक आला. तेव्हा काय म्हणाला तो, ते मघाशी गिळलं मी. अंक त्याच्या हातात होता. मी माझी टकळी चालवली, छापलेला आकडा, कोरलेलं वजन. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि अंक माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, आईचे तीन दिवस मला मिळाले, हा एक तू घे. फिटलं. आवाजसुद्धा चढवला नाही. चढवला असता तर मी उत्तर दिलं असतं, माझ्याकडे उत्तरं काय, ढिगानं असतात.

तो अंक मी घरी नेला. अजून पिशवीतच आहे, उघडलेला नाही. कसा उघडणार, त्याचा होता तो. मोजणीनं त्याचाच होता, मलाही माहीत होतं. मग पुढच्या शनिवारी एकटाच आलो नि तुमच्या सासऱ्यांना म्हटलं, जुनीच मोजणी धरा. एक त्याचा असेल तर दोन माझा. म्हणजे आता सम अंक माझे, विषम त्याला जाऊ देत. तेवढंच करता आलं मला, माफी मागणं आमच्या खात्यात शिकवत नाहीत. सासरे तुमचे माझ्याकडे बघतच राहिले. तोंडात मिठाची गुळणी धरलेला माणूस, तीस वर्षांत माझ्याशी तीस वाक्यं बोलला नसेल. मग पेन उचललं नि कार्डावर लिहिलं, सम. तेव्हापासून चोपन्न अंक घेतले. अर्धी गोष्ट माझ्या कपाटात, अर्धी त्याच्या. कुठेतरी दोन्ही मिळून पूर्ण आहे म्हणायचं. ही विचारते, अर्धवट गोष्ट वाचून तुम्हाला मिळतं काय? मी म्हणतो, तुला नाही कळायचं. तिला कळतं सगळं. म्हणून तर तिनं चार नावं सुचवली खोडायला, त्यात हे नव्हतं.

पण तीन म्हणजे तीन. आणि खरं सांगू? कंटाळा आला आता. नऊ वर्षं मी गुपचूप शिक्षा भोगतोय आणि ज्याच्यासाठी भोगतोय त्याला पत्ता नाही. ही कसली माफी, हा नुसता वर्गणीदार. पाताळ पोलीस चांगलं आहे, वजनाला पूर्ण आहे. ते ठेवा. घड्याळ्या खोडा. खोडा म्हणतो ना. सम, दोन्ही अक्षरं खोडा.

काय? हळू बोला, कळलं नाही. मी सोडला तर एकच प्रत मागवावी लागेल — एक कशी? म्हणजे आत्ता दोन मागवता? कशाच्या दोन? सम अंकांच्या दोन. एक माझी. आणि दुसरी?

बुधवारवाल्यांची.

नाही हो, काहीतरी चुकलंय तुमच्या यंत्राचं. तो विषम घेतो. एक, तीन, पाच. मीच सोडलेत ना त्याच्यासाठी. बघा नीट, चष्मा देऊ का माझा? फिरवा ती स्क्रीन इकडे. — ‘सम’. त्याच्या नावापुढे सम. आणि तारीख? ही तर माझ्याआधीची आहे. तीन दिवस आधी. बुधवार. म्हणजे मी शनिवारी या स्टुलावर येऊन बसलो, त्याच्या आधी तो येऊन — म्हणून म्हातारा बघत होता माझ्याकडे! म्हणून पेन उचलायला वेळ लावला, आणि तरी बोलला नाही! अरे, काय माणसं आहात तुम्ही! — तुम्ही नाही, तुम्ही काल आलात. आम्ही. आम्ही काय माणसं आहोत.

थांबा, मला नीट मांडू दे. तो म्हणाला, एक तू घे. म्हणजे त्यानं माझं ऐकलं. छापलेला आकडा धरला, विषम मला सोडले आणि आपण सम घेत बसला. आणि मी मोजणी धरली नि विषम त्याला सोडले. दोघांच्या कपाटात तेच चोपन्न अंक. तीच रडारड. आणि मधले? तीन, पाच, सात? कोण घेतं ते? — कुणीच नाही? एकही नाही? या दुकानात येतच नाहीत? नऊ वर्षं कोण मेलं, कसं मेलं, आमच्या दोघांपैकी एकालाही माहीत नाही. तोही माझ्यासारखाच भिंगवाल्याच्या लग्नाला थेट पोचला. हसू नका! — हसा. हसण्यासारखंच आहे. आईनं पाहिलं असतं तर पदर तोंडावर धरून हसली असती, खरं हसली असती.

ऐका, खोडलेलं पुसा. म्हणजे ‘सम’ खोडलेलंच राहू दे, तिथे ‘विषम’ लिहा. माझ्या नावापुढे विषम, लहानपणापासून होतं तसं. आणि जुने, तीनपासूनचे सगळे विषम, कुठून मिळतात ते शोधा, फाटके असले तरी चालतील. पाताळ पोलीस? खोडा ते. चांगलं आहे ना, मग कुणीही घेईल. आणि बुधवारी तो आला की त्याला सांगू नका काही. अजिबात सांगू नका.

नाही. सांगा. सांगावंच लागेल. मी ओळखतो त्याला, बुधवारी तुमच्या या स्क्रीनवर माझं नाव बघेल, तोंडातून चकार शब्द काढणार नाही, आणि तोही गपचूप विषम लिहून जाईल. मग आणखी नऊ वर्षं. तो साठीला टेकलाय, मी पुढे गेलोय, नऊ वर्षं कुणाच्या खिशात आहेत? आणि तुम्ही तरी काय सांगणार त्याला, तुम्हाला कुठे माहीत आहे अठ्ठावीस तारखेचं. म्हणजे माहीत आहे आता. मीच सांगितलं. त्याला नाही माहीत. आई बोलली नसेल त्याला, मी ओळखतो तिला पण. त्याला वाटतंय मी तीन दिवस मोजले. मी ‘हो’ म्हटलं होतं, ते नाही माहीत.

तो दुकानाचा फोन द्या इकडे. माझ्या मोबाइलवरून नको, नाव बघून ठेवून देईल. नंबर नका शोधू, पाठ आहे. एक आकडा चुकला — थांबा, बोटं जाडी झालीत. हं. वाजतोय. बाहेर गेला असेल. दोन रिंगा झाल्या की ठेवतो. चार झाल्या. — घेतला.

तुम्ही जरा त्या पलीकडच्या शेल्फाकडे बघा, सूनबाई. बघा म्हणतो ना. जा.